तेल आधी, ठिणगी नंतर

"मामा, बॅटरी नवी आणलीय. सेल मारून बघू का?"

भाच्याचा हात चावीवर होता. गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, माझ्या मेहुण्यांची. इंजिन २०१७ साली नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये बोअर करून, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग घालून पूर्ण बांधलं होतं. बांधून गाडीत बसवलंही. मग रंगकाम लांबलं, टाळेबंदी आली, मेहुणे आजारी पडले आणि गेले. गाडी गंगापूर रोडवरच्या बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं उभी राहिली. बांधल्यापासून ते इंजिन एकदाही सुरू झालं नव्हतं.

मी चावी काढून खिशात टाकली आणि ती पुढचे नऊ दिवस खिशातच ठेवली. भाचा खट्टू झाला. "इंजिन तर नवंच आहे ना?" हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि या लेखाचं कारणही तोच आहे.

जुनं, चालतं इंजिन वर्षभर उभं राहिलं तर त्याचे भाग निदान एकमेकांत बसलेले असतात. लाखभर किलोमीटर ते एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले असतात. बांधलेल्या इंजिनात तसं नसतं. तिथे पिस्टनची रिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, यांची अजून ओळखच झालेली नसते. व्हॉल्व्ह उघडायला लावणारा कॅमशाफ्ट आणि त्याने ढकलला जाणारा टॅपेट यांचीही नसते. टाकी लावून आणलेला पाटा आठवा. पहिल्या दिवशी त्यावर वाटलेली चटणी कुणी खात नाही, दगडाची कच येते. काहीबाही वाटून, धुऊन, पाटा आधी रुळवावा लागतो. बोअरिंगनंतर सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मुद्दाम ओढतात, ती पाट्याची टाकीच. त्या रेघांत तेल धरून राहतं आणि त्यांची टोकं घासली गेली की रिंगा बसतात. हे घासणं नीट व्हायचं की सगळं ओरबाडून निघायचं, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. आणि त्या अर्ध्या तासातही पहिली काही सेकंदं सगळ्यात धोक्याची, कारण तेव्हा तेल अजून पोचलेलं नसतं.

तेल नेमकं काय करतं?

क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंग शेलमध्ये ठेवलेली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. साधारण चार-पाच शतांश, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. मायको सर्कलच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीला मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हा शब्द शाळेतच कानावर पडला होता, कारण ओळखीतलं कुणीतरी मायकोत, म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात, डिझेलच्या नोझलवर काम करायचं. तेव्हापासून मला या एवढ्याशा फटींबद्दल आदर आहे. शाफ्ट फिरायला लागला की या फटीतलं तेल तो आपल्याबरोबर ओढतो, आपल्याखाली त्याची पाचर तयार करतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून गाडी वेगात गेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो, तसंच हे. सगळं ठीक असेल तर धातू धातूला टेकतच नाही. ऑइल पंपाचं काम शाफ्ट उचलण्याचं नाही, पाचरीला सतत तेल पुरवण्याचं आहे. पुरवठा नसेल तर पाचर होत नाही आणि शाफ्ट थेट शेलच्या मऊ धातूवर फिरतो.

इंजिन बांधताना मिस्त्री प्रत्येक बेअरिंगला तेल लावतो, कॅमला घट्ट काळी पेस्ट चोपडतो. इंजिन आठवडाभरात सुरू होणार असेल तर तेवढं पुरतं. सात वर्षांत मात्र लावलेलं तेल ओघळून खाली गेलेलं असतं. पेस्ट चिकट, ती बरीचशी टिकते. ऑइल पंपाच्या दात्यांमधलं तेलही उतरून जातं, आणि कोरडा पंप तेल ओढू शकत नाही. आत ओल असेल तरच त्याच्या फटी बंद होतात आणि तो चोखायला लागतो.

दुसरा शत्रू दमटपणा. नाशिकची हवा आपल्याला आवडते तीच इथे नडते. हिवाळ्यात दुपारी तीसच्या घरात जाणारा पारा पहाटे दहाच्या आसपास येतो. इंजिनाचा बीडाचा ठोकळा जड, तो रात्रभर गार होतो आणि सकाळी हवा तापली तरी तासन्‌तास गारच राहतो. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला सुटतो तसा त्याला घाम सुटतो, बाहेरून आणि आतूनही. आत हवा जाते कुठून? चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबवा, एखाद्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतो. सायलेन्सरमधून किंवा कार्ब्युरेटरमधून ओल थेट बोअरमध्ये पोचते. त्यावर चार महिन्यांचा पावसाळा, आणि असे सात पावसाळे.

म्हणून काही लोक उभी गाडी महिन्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेवतात. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या रस्त्याला ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठतं. गाडी उभीच ठेवायची असेल तर प्लग काढून थोडं तेल टाका आणि पान्याने हाताने दोन फेरे फिरवा. तेवढं पुरे.

आता त्या नऊ दिवसांकडे.

प्लग खोलण्याआधी त्यांच्या खाचा हवेने फुंकून घेतल्या. सात वर्षांची धूळ आणि उंदराने आणलेला भुसा तिथे बसला होता, प्लग काढताच तो सरळ सिलिंडरमध्ये पडला असता. एअर फिल्टरच्या डब्यात तर उंदराचं अख्खं घरटं निघालं. वायरिंगही त्याने दोन ठिकाणी कुरतडलं होतं. प्लग काढल्यावर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. हा कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो आणि हेड उघडण्याचा खर्च वाचवतो. तीन बोअर स्वच्छ होते, होनिंगच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर तपकिरी कडं होतं. हलका गंज, खड्डे नव्हते. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल टाकलं आणि दोन दिवस गाडीला हात लावला नाही.

या दोन दिवसांत भाच्याने तीन वेळा विचारलं. मला त्याची घाई कळत होती, बापाची गाडी होती ती.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावला. पुढून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं, कारण इंजिन त्याच दिशेने फिरतं. पाना लांब घेऊ नका. लांब पान्याने जोर कळत नाही, आणि इथे हाताला कळणं हेच मोजमाप आहे. इंजिन सुरुवातीला जरा ताठ होतं, मग एकसारखं, जड पण सलग फिरलं. अडलं असतं तर जोर लावलाच नसता. अडलेल्या इंजिनात जोर लावला की रिंग तुटते किंवा बोअरवर ओरखडा जातो, आणि बांधणीचा सगळा खर्च वाया जातो. तेव्हा गंज सोडवणारं तेल घालून आठवडा थांबायचं, मग अगदी थोडं मागे, थोडं पुढे हलवून पाहायचं. सेल मोटरला यातलं काहीच कळत नाही. ती आंधळी ताकद आहे. चावी खिशात ठेवण्याचं पहिलं कारण ते.

मग टॅपेट कव्हर काढलं. भाचा पाना फिरवत होता आणि मी आठही व्हॉल्व्ह एकेक करून उघडताना आणि मिटताना पाहत होतो. सात बरोबर चालले. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला, पण मिटताना रेंगाळला. गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत, गंज धरला होता. हे पाहिलं नसतं तर अडकलेल्या व्हॉल्व्हवर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) आदळून पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) वाकला असता. दांड्यावर तेल सोडून, फायबरच्या हातोडीने हलके टिचकीसारखे ठोके देऊन तो दहा मिनिटांत मोकळा झाला. तेवढ्यात टॅपेटची फटही तपासून घेतली.

याच टप्प्यावर इंजिन बांधणाऱ्याला एक प्रश्न विचारून ठेवावा. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कड्या) कठीण धातूच्या बसवल्या आहेत का? या जुन्या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते सीटला गादीसारखं जपायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. मऊ सीट त्यावर हळूहळू आत खचतात.

तेल पोचवणं

हा भाग मी सगळ्यात सावकाश केला, आणि वाचणाऱ्यांनीही इथे घाई करू नये.

आधी जुनं तेल काढलं. ते कधी वापरलं गेलं नव्हतं, तरी सम्पचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा) बोल्ट सैल केल्यावर सगळ्यात आधी पाण्याचे थेंब आले. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी बसतं. हेच पाणी पंपाने पहिल्यांदा बेअरिंगकडे पाठवलं असतं.

नवं तेल कोणतं, यावर लोक तास तास बोलतात. थोडक्यात सांगतो. साधं, मिनरल, २० डब्ल्यू ५० जाडीचं. महागडं सिंथेटिक या टप्प्यावर नको. ते फार गुळगुळीत असतं, रिंगा घासून बसायला हव्यात तेव्हा ते आड येतं, असा जुन्या मिस्त्रींचा अनुभव आहे आणि मी तो मानतो. जस्ताचं प्रकरण मात्र समजून घ्यायला हवं. तेलात जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात. धातू धातूला जिथे दाबून घासतो तिथे ते आपला बळी देऊन पातळ थर बनवतं. पण फॉस्फरस नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला) खराब करतो, म्हणून २००४ साली आलेल्या 'एसएम' दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के ठेवायची मर्यादा आली. २० डब्ल्यू ५० सारख्या जाड ग्रेडला ती लागू नाही. तरीही डबा घेताना, जुन्या पुशरॉड इंजिनाला चालेल एवढं जस्त त्यात आहे का, हे माहितीपत्रकात बघा.

आता हे तेल इंजिन न फिरवता बेअरिंगपर्यंत न्यायचं कसं? काही इंजिनांत हे सोपं असतं. अमेरिकन शेव्हर्ले व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा) दांडाच खाली ऑइल पंप फिरवतो. डिस्ट्रिब्युटर काढून तिथे ड्रिल मशीनला लावलेला लांब दांडा घातला की इंजिन जागचं न हलता पंप फिरतो. अँबेसिडरच्या इंजिनात ही सोय नाही. सगळ्या इंजिनांना चालेल असा मार्ग म्हणजे ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या भोकातून दाबाने तेल आत घालायचं. ते भोक थेट मुख्य तेलवाहिनीत उघडतं.

यासाठी लागणारी वस्तू नाशिकमध्ये गल्लोगल्ली मिळते. द्राक्षबागेच्या फवारणीला वापरतात तसा हाताने हवा भरायचा छोटा पंप. नवा कोरा घ्यायचा, औषध भरलेला चालणार नाही. नोझल काढलं, नळीला स्विचच्या आट्याचा जोड बसवून घेतला. तेलाचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून तेल पातळ केलं, पंपात ओतलं, हवा भरली. मी खटका दाबून धरला आणि भाचा पान्याने क्रँक अगदी सावकाश फिरवत राहिला. फिरवणं गरजेचं आहे, कारण तेलाची काही भोकं शाफ्टच्या ठरावीक स्थितीतच समोरासमोर येतात. एकाच जागी थांबलात तर काही बेअरिंग कोरडीच राहतील. पंधराएक मिनिटांनी रॉकरमधून तेल पाझरायला लागलं, आधी मधल्या, मग कडेच्या. इंजिनाच्या सगळ्यात वरच्या टोकाला तेल पोचलं होतं. भाचा काही बोलला नाही, नुसता वाकून बघत राहिला. त्यानंतर त्याने चावी मागितली नाही.

आत गेलेलं जास्तीचं तेल सम्पमध्येच उतरतं, म्हणून पातळी तेल मोजायच्या काडीवर पुन्हा बघायची. आपला फिल्टर उभा बसणारा असेल तर तो तेलाने भरूनच लावावा.

मग प्लग न लावता सेल मारला. ठिणगी पडू नये म्हणून कॉईलची वायर काढून ठेवली होती. प्लग नसले की कॉम्प्रेशनचा विरोध नसतो, इंजिन हलकं आणि जोरात फिरतं, बेअरिंगवर भार येत नाही. दहा सेकंद फिरवायचं, मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल मोटर तापते. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर तेलाचा फक्त दिवा आहे. हा दिवा फार कमी दाबालाच विझतो, त्यामुळे तो विझला म्हणजे सगळं आलबेल असं नाही. स्विचच्या जागी तात्पुरता काट्याचा गेज लावला होता. तिसऱ्या खेपेला काटा उठला.

ठिणगी आणि पेट्रोल

इथपर्यंतची सगळी मेहनत एका गोष्टीसाठी होती. इंजिन पेटलं की ते थांबवावं लागू नये. आणि पेटायला वेळही लागू नये, कारण मिनिटभर सेल मारत बसलं तर न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन टाकतं. म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, अंदाजे नको.

पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन पान्याने फिरवायचं. हवा अंगठा उडवायला लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. पिस्टन तसा दोनदा वर येतो, एकदा दाबायला आणि एकदा धूर बाहेर काढायला. दुसऱ्या फेऱ्यावर टायमिंग लावलं की इंजिन पेटत नाही, कार्ब्युरेटरमधून भडका उडतो आणि माणूस दिवसभर पेट्रोलला दोष देत बसतो. खुणा जुळवल्या की डिस्ट्रिब्युटरमधला रोटर पहिल्या वायरकडे असायला हवा. पुढचा क्रम १-३-४-२, पद्मिनीचाही आणि अँबेसिडरचाही. पॉइंट (वीज तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) नेमके कधी उघडतात ते बारा व्होल्टचा छोटा दिवा लावून कळतं. उघडले की दिवा लागतो. सात वर्षांत पॉइंटवर करडी पुटी चढलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने काढून फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवली.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. बांधलेल्या इंजिनाला आणि नव्या रंगाच्या बॉडीला अर्थिंग मिळत नाही. रंग वीज अडवतो. अर्थिंगची पट्टी जिथे बसते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. नाहीतर सेल मोटरचा प्रचंड करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल लाल होते. पेट्रोलच्या शेजारी हे परवडणारं नाही.

पेट्रोलची टाकी उतरवून रिकामी केली. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत होतं. पेट्रोलमधले हलके घटक काही महिन्यांतच उडून जातात आणि मागे चिकट डिंक राहतो, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, वायसर फुगवून कुजवतं. म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. पडद्याची गळती विशेष वाईट. इंजिनाच्या कुशीला बसलेल्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, आत सम्पमध्ये उतरतं आणि कष्टाने पोचवलेलं तेल पातळ करतं. काडीला पेट्रोलचा वास येतो का, एवढं हुंगून बघा.

कार्ब्युरेटर उघडून धुतला. शेवटी त्याची वाटी पंपाच्या हाताच्या दांडीने आधीच भरून घेतली, म्हणजे पेट्रोल यायची वाट बघत सेल मारत बसायला नको.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका. क्षारांचा थर वॉटर जॅकेटमध्ये बसला की निघत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला, झाकण सुरुवातीला उघडं ठेवा म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

वीस मिनिटं

आता चावी खिशात ठेवण्याचं दुसरं कारण सांगतो. २००४ साली माझ्या जीपचं इंजिन बांधलं होतं. मी ते सुरू केलं आणि सगळे सांगतात तसं "हळूहळू गरम होऊ दे" म्हणून अर्धा तास आयडलवर ठेवलं, कार्ब्युरेटर जुळवत बसलो. सहाशे किलोमीटरवर वरून टकटक यायला लागली. उघडलं तर कॅमशाफ्टचे दोन लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) झिजून गोल झाले होते. इंजिन चांगलं बांधलेलं होतं. चूक माझी होती, आणि मी ती काळजीपोटी केली होती.

असं का होतं? कॅमचा लोब आणि टॅपेट एका बारीक रेघेवर टेकतात, आणि त्या रेघेवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर येतो. इंजिनात इतका दाब सहसा दुसरीकडे कुठे नसतो. बेअरिंगला पंपाचं तेल मिळतं, पण जुन्या पुशरॉड इंजिनांत लोबला मिळतं ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकने उडवलेलं. आयडलला क्रँक मंद, उडणारं तेल कमी. शिवाय टॅपेट नुसता वरखाली होत नाही, तो स्वतःभोवती थोडा थोडा फिरतो, तशीच त्याची आणि लोबची घडण असते. फिरल्यामुळे झीज सगळीकडे वाटली जाते. पहिल्या काही मिनिटांत तो फिरायला लागला नाही तर एकाच जागी घासत राहतो. म्हणून नव्या कॅमला पेटताक्षणी दोन हजारांच्या आसपास नेतात आणि वीस मिनिटं दीड ते अडीच हजारांच्या मध्ये खालीवर करत ठेवतात. शेजारी येऊन "एवढी रेस कशाला?" म्हणतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, गाडी ढकलत शेडबाहेर आणली. बंद जागेत इंजिन सुरू करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चाकांना दगड लावले. अग्निशामक नळकांडं बॉनेटजवळ नाही, चार पावलं दूर ठेवलं, कारण आग लागली तर बॉनेटजवळ जाता येत नाही. रेडिएटरसमोर मांडवाचा मोठा पंखा, कारण उभ्या गाडीला वारा मिळत नाही. ताईला पदर खोचून लांब उभं राहायला सांगितलं. पद्मिनीला आरपीएमचा काटा नाही, म्हणून पुलीला चमकती पट्टी चिकटवून हातात धरायचा टॅकोमीटर घेतला. खुणाही ठरवल्या. मूठ आवळली की बंद, तळवा वर केला की रेस वाढव. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.

बंद करायचं ते फक्त चार कारणांनी, हेही आधीच ठरवलं. दहा सेकंदांत तेलाचा दाब आला नाही तर. खालून जड ठोका ऐकू आला तर. पेट्रोल गळलं किंवा आग दिसली तर. पाणी उकळलं तर. तेलाचा एखादा थेंब, रंग जळल्याचा वास, सुरुवातीचा निळसर पांढरा धूर, यासाठी नाही. सिलिंडरमध्ये आपणच तेल टाकलेलं असतं, ते जळणारच.

मग मी खिशातून चावी काढून त्याला दिली.

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. गेजचा काटा चार सेकंदांत साठ पौंडांच्या वर गेला. अंगणभर धूर झाला, ताई पदराने डोळे पुसत होती, आणि ते पाणी धुरामुळे होतं असं मी समजलो नाही. भाच्याची नजर माझ्या हातावर खिळलेली. अकराव्या मिनिटाला वॉटर पंपाच्या सीलमधून पाणी ठिबकायला लागलं. इतकी वर्षं कोरडं पडलेलं सील, ओलं झाल्यावर कधीकधी स्वतःच बसतं. मी मूठ आवळली नाही. सतराव्या मिनिटाला ते थांबलं. वीस मिनिटं झाल्यावर मूठ आवळली.

ते तेल गरम असतानाच काढून टाकलं. वीस मिनिटांचं तेल टाकून देणं जिवावर येतं, पण पेस्ट, होनिंगची कच, बारीक धातू सगळं त्यातच असतं. फिल्टर कापून कागद उलगडला आणि उन्हात धरला. राखाडी रंगाची बारीक चमक होती, ती अपेक्षित. सोनेरी किंवा तांबूस कण असते तर बेअरिंग उघडावं लागलं असतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने पुन्हा तपासले आणि टॅपेटही परत सेट केले, कारण पहिल्या तापण्यात गॅस्केट थोडं दबतं.

गाडी रस्त्यावर यायला आणखी तीन आठवडे लागले. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर जाम होते, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. ती कथा वेगळी. इंजिन सुरू झालं म्हणून गाडी चालवायला घेऊ नका, एवढंच सांगतो.

रिंगा बसवायला भार लागतो. जळलेल्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला बोअरवर दाबतो, तेव्हाच ती घासून बसते. नुसत्या आयडलवर किंवा फार जपून चालवलं तर दाब कमी राहतो, होनिंगच्या रेघा बुजून भिंत काचेसारखी होते आणि गाडी कायम तेल खाते. म्हणून पहिल्या फेरीला आम्ही सकाळी सहाला गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघालो, टोमॅटोच्या गाड्यांची गर्दी व्हायच्या आत. टॉप गिअरमध्ये चाळीसवरून साठपर्यंत दमदार न्यायची, पाय सोडून गाडीला आपोआप चाळीसवर येऊ द्यायचं, पुन्हा न्यायची. पाय सोडल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि तेल वर येऊन रिंगा धुऊन, गार करून जातं. असं दहा-बारा वेळा. कसाऱ्याचा घाट हजार किलोमीटर होईपर्यंत नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

पाचशे किलोमीटरला तेल पुन्हा बदलायचं आहे. काल रात्री त्याने फोनवर किलोमीटरच्या मीटरचा फोटो पाठवला, ३१२ झालेत. खाली लिहिलं होतं, "मामा, काडी पुसून बघितली. तेल जागच्या जागी आहे."